सुगंधाची मुदत

बीडहून अंबाजोगाईकडे जाताना वाटेत लागणाऱ्या केज या तालुक्याच्या गावी, पावसाळा सरून दसरा जवळ आला म्हणजे, दोन विषयांना एकाच वेळी तोंड फुटते : ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांना मुकादमाने यंदा किती उचल दिली हा एक, आणि कोणाच्या घरी ताप शिरला हा दुसरा. पहिल्या विषयात बोलणाराचे मत त्याच्या गरजेप्रमाणे बदलते. दुसऱ्यात मात्र प्रत्येकाचे मत कायम असते आणि औषधही आधीच ठरलेले असते. अशा कायम मतांचे दोन वृद्ध गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. एक, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. आणि दुसरे, हिवताप खात्याच्या चाकरीत उभी हयात घालवून, युसूफवडगावापासून ते धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढणाऱ्या विड्यापर्यंत, तालुक्यातील बहुतेक गावांच्या रांजणांत डोकावून आलेले, आणि म्हणून अद्यापही 'मलेरियावाले आप्पा' याच नावाने ओळखले जाणारे सद्गृहस्थ. दोघांची घरे एका बोळात, दोघांचा स्नेह जुना, आणि अलीकडे दोघांचा वादही एकच : वनस्पतींच्या सुगंधी तेलाने डास हटतो की हटत नाही. शेजारच्या एका मुलाला डेंग्यूचा संशय म्हणून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात हलविल्यापासून त्या वादाला विशेष धार चढली आहे. परवा तो मी प्रत्यक्ष ऐकला, आणि दोघांचे म्हणणे येथे उतरवून काढीत आहे; मधूनमधून माझा शेरा पडला आहे, तो वाचकांनी वगळला तरी चालेल.

गुरुजींच्या उद्योगाची हकीकत आधी सांगणे प्राप्त आहे. शेताच्या बांधावर त्यांनी गवती चहाची आणि सिट्रोनेलाची ठोंबे लावली आहेत. कापलेले गवत दिवसभर सावलीत मलूल होऊ द्यावयाचे. मग त्याचे बोटभर तुकडे करून ते एका जुन्या प्रेशर कुकरात, तळाच्या पाण्याचा स्पर्श होणार नाही अशा बेताने, जाळीवर भरावयाचे. शिट्टीच्या जागी बसविलेली तांब्याची नळी गार पाण्याच्या बादलीतून वेटोळी फिरवून काचेच्या बरणीत सोडावयाची. आणि खाली मंद आच ठेवून स्वस्थ बसावयाचे. वाफ बादलीत निवते, बरणीत थेंब थेंब पाणी जमते, आणि त्या पाण्यावर जो पिवळसर, चकाकता तवंग हळूहळू गोळा होतो ते तेल. सिट्रोनेलाच्या शंभर किलो ओल्या गवतातून किलोभर तेल उतरले तर मोठ्या भट्टीवाल्यालासुद्धा आनंद होतो. मग कुकराच्या पोटातून कितीसे निघणार! गुरुजी ते इंजेक्शनच्या पिचकारीने तवंगावरून अलगद उचलतात, खोबरेल तेलात मिसळतात, आणि लहान बाटल्यांत भरून ओळखीपाळखीच्यांना देतात. पैसा घेत नाहीत. स्तुती मात्र घेतात.

अशीच एक बाटली त्या संध्याकाळी ओट्यावर दोघांच्या मध्ये ठेवलेली होती.

गुरुजी : आप्पा, दिवेलागणीला मी हे तेल हातापायांना चोळून बसतो, आणि डास फिरकत नाही. प्रत्यक्षाला आणखी प्रमाण कशाला हवे? आणि ही विद्या काही मी काल काढलेली नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात, खानदेशात, नंदुरबार-पिंपळनेरकडच्या डोंगराळ मुलखात रोशा गवताच्या भट्ट्या इंग्रजी अमदानीत धगधगत होत्या. ते तेल मुंबई बंदरातून दूरदूरच्या देशांत जाई, आणि तिकडचे लबाड व्यापारी ते गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळून अत्तराच्या भावाने विकीत. त्या तेलातला प्रधान अंश जिरॅनिऑल. तोच सिट्रोनेलातही आहे. आणि डासाला तो सोसत नाही हे तुमचे शास्त्रही नाकारीत नाही.

आप्पा : मी तरी कोठे नाकारतो? डास नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर येत नाही. आपल्या श्वासातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड, घामातले लॅक्टिक आम्ल, अंगाची ऊब, या खुणांच्या मागाने तो येतो; तो म्हणजे ती, कारण चावते ती मादी. तुमच्या तेलाचा वास तिच्या घ्राणेंद्रियाला चकवतो आणि माग चुकतो. इथपर्यंत तुमची कैफियत मंजूर. माझा सवाल एवढाच की, किती वेळ?

गुरुजी : वास आहे तोवर.

आप्पा : आणि वास किती वेळ आहे? जो पदार्थ दरवळतो तो हवेत उडून जात असतो, म्हणून तर दरवळतो. ज्या गुणामुळे तुमचे तेल उपयोगी पडते, त्याच गुणामुळे ते संपते. २००२ साली अमेरिकेत फ्रॅडिन आणि डे या दोघांनी बाजारातली नाना प्रकारची डासरोधके जमवली, स्वयंसेवकांना ती हाताला लावून डासांच्या पिंजऱ्यात हात घालावयास सांगितले, आणि पहिला चावा केव्हा बसतो ते घड्याळावर मोजून 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केले. डीट नावाचे रसायन सुमारे चोवीस टक्के असलेल्या द्रव्याने सरासरी पाच तास दम धरला. सिट्रोनेलाच्या एकाही तेलाची सरासरी वीस मिनिटांपर्यंत पोहोचली नाही. मनगटाला बांधावयाच्या सुगंधी पट्ट्या तर निव्वळ शोभेच्या ठरल्या.

दप्तरात वाढलेल्या माणसाची ही सवयच असते की, दाव्यात तथ्य आहे की नाही हे पाहण्यापूर्वी तो दाव्याची मुदत आणि हद्द पाहतो. मला ही सवय पुष्कळदा रुक्ष वाटत आली आहे. परंतु औषधाच्या बाबतीत ती विलक्षण उपयोगी पडते, कारण बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक 'नैसर्गिक' उपायांवर गुणांची यादी मोठ्या अक्षरांत असते आणि वेळेचा आकडा कोठेच नसतो.

गुरुजी मात्र हार मानणारे नव्हेत.

गुरुजी : पिंजरा म्हणजे ओटा नव्हे. पिंजऱ्यात भुकेल्या डासांची झुंड असते आणि त्यांना दुसरीकडे जावयास वाट नसते. इथे वारा आहे, मोकळीक आहे. शिवाय त्याच परीक्षेत सोयाबीन तेलाचे एक मिश्रण दीड तासावर टिकले, हे तुम्ही सोयिस्करपणे गिळलेत. सोयाबीन तर आपल्या तालुक्यात खळ्याखळ्यांत पडले आहे! दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली निंबोळीचे तेल खोबरेलात शेकडा दोन या प्रमाणात मिसळून माणसांच्या अंगाला लावले, तेव्हा ॲनाफिलीस डास बारा तास चावला नाही. ते निंबोळीचे झाड तर प्रत्येकाच्या दारात आहे. आणि ज्या अमेरिकेचा तुम्ही दाखला देता, तिथल्याच सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २००५ साली लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेल्या तेलाची शिफारस केली.

आप्पा : तिन्ही गोष्टी खऱ्या, आणि तिन्हींना हद्द आहे. शिफारस झाली ती पानातून उतरलेल्या कच्च्या तेलाची नव्हे. कच्च्या तेलात मुख्यतः सिट्रोनेलाल असते. त्यावर प्रक्रिया करून पीएमडी नावाचे द्रव्य करतात, ते कमी उडते म्हणून अधिक टिकते, आणि शिफारस त्याची. तीही देताना तीन वर्षांखालील मुलांना लावू नये असे बजावले आहे. म्हणजे तुमच्या निसर्गाला कामावर रुजू होण्यापूर्वी कारखान्यातून जावे लागले.

गुरुजी : आणि तुमच्या कारखान्याला निसर्गाकडून उसनवारी करावी लागली, ते सांगा की! डासांच्या अगरबत्तीतले आणि त्या विजेच्या बाटलीतले औषध मुळात कशावरून उचलले? शेवंतीच्या कुळातल्या डाल्मेशियन फुलावरून. जपानात उएयामा नावाच्या गृहस्थाने त्या फुलांच्या भुकटीची काडी केली. ती लवकर जळून जाई, तेव्हा त्याच्या बायकोने ती नागमोडी गुंडाळण्याची युक्ती सुचविली आणि रात्रभर पुरणारी वेटोळी उदबत्ती झाली. हिवतापावरचे कोयनेल झाडाच्या सालीचे. इंग्रजी मुलखात एके काळी टपालकचेरीत कोयनेलच्या पुड्या मिळत, त्या काय प्रयोगशाळेत उगवल्या होत्या?

आप्पा : मग 'नैसर्गिक' हा शब्द दोघेही सोडून देऊ. निलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात गेले तर त्याला झटके येतात, तेही नैसर्गिक. देवघरातला कापूर बहुतेक टर्पेंटाईनपासून बनवलेला असतो. तो तुम्ही नैसर्गिक म्हणून खोलीच्या चार कोपऱ्यांत ठेवता. विचारावयाचे ते इतकेच : कोणत्या डासावर, किती वेळ, आणि कोणाच्या अंगाला.

येथे गुरुजींनी जो फासा टाकला तो मला अनपेक्षित होता. मुदतीचा जो दंडक आप्पांनी तेलाला लावला, तोच त्यांनी आप्पांच्या खात्याला लावला.

गुरुजी : ठीक. मुदतच विचारू. मी लहान होतो तेव्हा फवारणीवाले येत. पाठीवर पंप, हातात लांब नळी. आजी देव उचलून परसात नेई, भांडी बाहेर काढली जात, आणि ते लोक भिंतीवर डीडीटीचा पांढरा थर देऊन दाराच्या चौकटीशेजारी तारीख लिहून जात. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम निघाला. पाच वर्षांत अवसान इतके वाढले की १९५८ साली नावातले 'नियंत्रण' काढून 'निर्मूलन' घातले. साठीच्या दशकाच्या मध्याला देशातले हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आसपास उतरले, आणि तुमच्या खात्याने विजयाची नौबत वाजविली. मग डास डीडीटीला निर्ढावला, कर्मचारी ढिले पडले, आणि १९७६ साली तोच आकडा चौसष्ट लाखांच्या वर गेला. आता सांगा, तुमच्या रसायनाची मुदत किती ठरली?

आप्पा क्षणभर बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

आप्पा : वीस वर्षे, गुरुजी. तुमच्या तेलाची वीस मिनिटे. दोन्ही मुदती संपणाऱ्याच, हे कबूल. पण स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास या देशात वर्षाला साडेसात कोटी माणसे हिवतापाने पडत आणि आठ लाख मरत असा अंदाज होता. त्या वीस वर्षांत जी जगली, त्यांची मुले-नातवंडे आज निर्मूलन फसले म्हणून आम्हाला जाब विचारावयास हयात आहेत. आणि फसलेल्या योजनेतून खाते एक गोष्ट शिकले. भिंतीवरच्या डासामागे धावण्यापेक्षा पाण्यातला डास गाठावा.

असे म्हणून ते उठले. ज्याच्या घरी जातील त्याच्या घरचे पाणी पाहिल्याखेरीज चहाला हात लावावयाचा नाही, हा त्यांचा नोकरीतला शिरस्ता निवृत्तीनंतरही सुटलेला नाही, आणि बोळातल्या सुनांना तो मुळीच आवडत नाही. परसात पाखरांसाठी गुरुजींनी एक मातीचे परळ भरून ठेवले होते. आप्पांनी त्यावर विजेरी धरली आणि मला वाकून पाहावयास सांगितले. पाण्याच्या पृष्ठभागापासून खाली डोके आणि वर शेपूट अशा तिरप्या स्थितीत, तांदळाच्या कणीहून बारीक, करडे जीव लटकत होते. प्रकाश पडताच ते वळवळत तळाशी गेले, आणि श्वास संपला तसे एकेक करून पुन्हा वर आले. आप्पांनी सांगितले की, शेपटीकडची ती आखूड नळी म्हणजे त्यांचे नाक. हिवतापाच्या ॲनाफिलीसची अळी अशी लटकत नाही, ती पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते. ही एडिस. मग त्यांनी पाणी ओतून टाकले, आणि परळाच्या आतल्या कडेला, जिथवर पाणी होते त्या रेषेच्या किंचित वर, नखाने खरवडून काळसर, मिरीच्या पुडीसारखे कण दाखविले. ती अंडी. पाणी आटले तरी ती महिनोन्‌महिने सुकी टिकतात, आणि पुढच्या पाण्याचा स्पर्श झाला की फुटतात; म्हणून भांडे नुसते उपडे करून भागत नाही, घासावे लागते.

गुरुजी खजील झाले असतील असे कोणास वाटेल. ते झाले नाहीत. पाखरांना पाणी ठेवणे हे पुण्यकृत्य असून, अळीचा प्रश्न आप्पांच्या खात्याचा आहे, अशी त्यांची भूमिका होती.

आप्पा : हा डास लांबून येत नाही, गुरुजी. शे-दोनशे पावलांच्या आतबाहेर त्याचे सारे आयुष्य जाते. तो तुमच्याच घरचा, तुमच्याच पाण्यावर वाढलेला. आणि तो चावतो दिवसा, सकाळी आणि सूर्य कलल्यावर; दिल्लीच्या त्या प्रयोगातला बारा तासांचा आकडा रात्रीच्या ॲनाफिलीसचा होता. तुम्ही तेल लावता दिवेलागणीला. त्या वेळी तुमच्या पायाशी घोंघावतो तो बहुधा गटारातला क्युलेक्स. ज्याच्यावर तुमच्या तेलाचा अंमल चालतो तो डेंग्यू आणत नाही, आणि जो आणतो तो येतो तेव्हा बाटली फडताळात असते. आणखी एक. तुमचे तेल डासाला मारीत नाही, हुसकावते. हुसकावलेला कोठे जातो? बोळ ओलांडून माझ्या ओट्यावर.

गुरुजी : मग तुम्हीही तेल लावा.

हा विनोद बाजूला ठेवला तरी आप्पांच्या म्हणण्याला या भागाच्या इतिहासाचा भक्कम आधार आहे. केज ज्या निजामी मुलखात होते, त्याच मुलखातल्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसने डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहिले; हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावून घेण्याबद्दल तो डासामागे एक आणा देत असे. त्या शोधाने डासाला रोगाचा वाहक ठरविले खरे, परंतु रॉसचा डास आणि आज मराठवाड्याला छळणारा डास यांच्या जाती निराळ्या, आणि ही दुसरी जात येथे बोकाळण्याचे कारण दलदल नसून टंचाई आहे. १९७३ साली चिकुनगुन्याची जी मोठी साथ शेजारच्या बार्शीत उठली, तिचा वाहक एडिस इजिप्तायच होता. २००६ साली तोच ताप मराठवाडाभर पसरला आणि धडधाकट माणसे महिनोन्‌महिने काठी टेकीत चालू लागली. जिथे नळ दर दिवशी येत नाही तिथे माणूस पाणी साठवितो. रांजण, हौद, टिपाड, डबे, घागरी, जे हाती लागेल ते भरून ठेवतो. आणि स्वच्छ, निवांत, सावलीतले पाणी एडिसला हवे असते तेच तिला घरोघर मिळते. मांजरा नदीवरचे धरण याच तालुक्यात धनेगावला आहे. २०१६ साली ते कोरडे पडले, आणि त्यावर विसंबलेल्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. अशा मुलखात आरोग्य खाते 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' असे भिंतीवर लिहिते, तेव्हा ज्याच्या घरात सातांपैकी सहा दिवस कोरडेच असतात त्याला ती थट्टा वाटली तर नवल नाही.

हे मी आप्पांना बोलून दाखविले. ते रागावतील असे वाटले होते.

आप्पा : पाणी फेकून द्या असे मी कधीच सांगितले नाही. सांगणारे सांगतात, कारण त्यांच्याकडे नळ रोज येतो. धोतराच्या जुन्या फडक्यातून पाणी दुसऱ्या भांड्यात गाळावे, रिकामे भांडे आतून काथ्याने घासावे, आणि तेच पाणी परत भरून वर फडके घट्ट बांधावे. एक थेंबसुद्धा वाया जात नाही. अंड्यापासून पंख फुटायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला एकदा घासले की पिढी बुडाली. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. याला ना तेल लागते, ना रसायन.

गुरुजी : आणि घासायचे कोणी?

हा प्रश्न गुरुजींनी विचारला याचे मला आश्चर्य वाटले, कारण त्यांच्या घरी पाण्याकडे पाहण्याचे काम त्यांनी स्वतः केल्याचे ऐकिवात नाही. पण प्रश्न बरोबर होता. आप्पांचा पक्ष मला सबळ वाटतो. तरीही त्यांच्या फर्मानाची बजावणी ज्यांच्या अंगावर पडते त्या बायांना आधीच पाणी आणण्याचे काम आहे, आणि भरलेले शंभर लिटरचे टिपाड दर आठवड्याला गाळून घासणे हे बोलावयास सोपे असले तरी मनगटाला सोपे नाही. तेलाची बाटली लोकांना प्रिय होते त्याचे मर्म येथे आहे : ती एकट्या माणसाला, एकट्याच्या अंगापुरता, दुसऱ्या कोणाची वाट न पाहता करता येणारा उपाय देते. म्हणून ती खोटी म्हणून फेकून देणे मला अन्यायाचे वाटते. तिला तिची वेळ सांगून कामाला लावावे. वीस मिनिटांच्या नोकराकडून रात्रभराचा पहारा मागू नये.

इतक्यात गुरुजींच्या शेतावर रोजंदारीला येणारी एक बाई, कडेवर वर्षभराचे मूल घेऊन, अंगणात आली. चार दिवसांनी तिचे बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्रात एका साखर कारखान्यावर निघणार होते. गुरुजींनी मागच्या खेपेला कबूल केलेल्या बाटल्या न्यावयास ती आली होती. आप्पांनी तिला जवळ बसविले आणि तिकडे डास कसे असतात ते विचारले.

बाई : काय सांगू आप्पा, उसाच्या फडाला लागून कोप्या असत्यात. रातच्याला पाचट पेटवून धूर करतोत, तर डोळे चुरचुरत्यात आन् लेकरू खोकतं. मालक झोपतेत गाडीपाशी. पहाटं गाडी भराया उठावं लागतं, तव्हा तर डास नुसते खातेत. म्हनून म्हनलं गुरुजींचं तेल न्यावं, लेकराच्या अंगाला लावावं.

आप्पा : लेकराला लावायचं नाही.

बाई : कामून? देवाघरचं गवतच हाय की ते.

गुरुजी आप्पांकडे पाहू लागले. वादात जे त्यांनी मान्य केले नसते ते या कडेवरच्या मुलाच्या साक्षीने त्यांनी मान्य केले.

गुरुजी : आप्पा म्हणतात ते खरं आहे, बाई. एवढ्या लेकराची कातडी नाजूक. हात तोंडात जातो, डोळ्याला लागतो. तू स्वतःच्या हातापायाला लाव.

बाई : आन् लेकराला?

आप्पा : झोळी कुठं बांधता?

बाई : फडाच्या कडंला, झाडाला. न्हाई तर गाडीच्या दांडीला. म्या तोडीत असते, तव्हा मपली थोरली बघती त्याला.

आप्पा : मग झोळीवर मच्छरदाणीचं कापड टाक, चारी बाजूंनी खाली सोड, आणि खालून गाठ मार. दिवसासुद्धा. दिवसाच टाक, कारण ताप आणणारा डास दिवसा चावतो. रात्री त्याच कापडाखाली निजव.

बाई : कोपीत बांधता येतंय का ते? वाकून जावं लागतं, चार मानसं, भांडीकुंडी.

आप्पा : कोपीच्या कामट्या आतून मोकळ्या असतात, त्यांना दोऱ्या लाव. मोठी लागत नाही, लेकरापुरती. माझ्याकडे खात्यातून मिळालेली एक जुनी आहे, ती कापून देतो. आणि तिकडे पाणी कशात भरता?

बाई : टिपाडात. टँकरवाला भरून जातो, मंग आठ-आठ दिस तेच.

आप्पा : झाकण?

बाई : न्हाई. टिपाड कारखान्याचं, झाकण कोन देतंय!

आप्पा : लुगड्याचं फडकं नि एक दोरी. टिपाड कोणाचंही असो, फडकं आपलं. भरायच्या आधी आतून काथ्या फिरवायचा.

तिने मान हलविली. आपल्या कामांच्या यादीत आणखी एका कामाची भर पडली हे तिच्या चेहऱ्यावरून समजत होते, पण ती बोलली नाही. गुरुजींनी आतून दोन बाटल्या आणल्या. आप्पांनी हट्ट धरला की, बाटलीवर चिठ्ठी चिकटविल्याशिवाय द्यावयाची नाही, आणि तीत मुदत लिहिली पाहिजे. गुरुजींनी कागद-पेन घेतले. 'लहान मुलांस लावू नये, डोळ्यांस लागू देऊ नये' येथपर्यंत मतभेद झाला नाही. पुढे 'दर तासाने पुन्हा लावावे' असे गुरुजी लिहू लागले, तो आप्पांनी त्यांचा हात धरला. तास खोडून अर्धा तास झाला. आप्पांना तोही मंजूर नव्हता, त्यांना वीस मिनिटेच हवी होती. गुरुजींचे म्हणणे असे की, खोबरेलामुळे वास थोडा अधिक धरून राहतो, आणि पिंजऱ्यातले मिनिट ते ओट्यावरचे मिनिट नव्हे. दोघांचे आवाज चढू लागले. मूल रडावयास लागले.

बाई : लिवा ना काय बी. आमच्याकडं घड्याळ कुठलं? म्या चुलीपाशी बसताना लावीन, पाच-सहा भाकरी थापून होईस्तोर वास ऱ्हाईला तर ऱ्हाईला, न्हाई ऱ्हाईला तर परत लावीन. ते मच्छरदानीचं तेवढं आजच कापून देता का, आप्पा?